बँकरप्सीत स्टुडंट लोन जातं का? जातं, पण वेगळं मागावं लागतं

२०१६ साली न्यू जर्सीत मी चॅप्टर ७, म्हणजे दिवाळखोरीचा एक प्रकार, फाईल केलं तेव्हा वकिलाने माझ्या कर्जांची यादी समोर ठेवली आणि पेनाने एकेक टिक करत गेला, क्रेडिट कार्ड जाणार, हॉस्पिटलचं बिल जाणार, जुन्या अपार्टमेंटचं थकलेलं भाडं जाणार, आणि शेवटच्या ओळीवर येऊन त्याने फुली मारली. स्टुडंट लोन, ४९,००० डॉलर. "हे जात नाही," म्हणाला आणि पान उलटलं. मीही विचारलं नाही की का जात नाही, कुठे लिहिलंय. २०२३ मध्ये तेच लोन ६२,००० झालं होतं, आणि ते सुद्धा मध्ये करोनाची साडेतीन वर्षं व्याज शून्य असताना. तेव्हा कुठे मला कळलं की त्या माणसाने अर्धंच वाक्य सांगितलं होतं. उरलेलं अर्धं असं की आपोआप जात नाही, वेगळी केस टाकून मागावं लागतं. मागणारे इतके कमी असतात की "जात नाही" हेच सगळीकडे पसरलंय. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, इथे तर समोर अमेरिकन सरकार आहे.

मी वकील नाहीये. मी हे सगळं स्वतः केलंय, नंतर ओळखीतल्या दोघातिघांचे फॉर्म त्यांच्या शेजारी बसून भरलेत, त्यातून जे समजलं ते लिहितेय. जमलं तर वकील कराच, आणि परवडत नसेल तर आपल्या भागातलं लीगल एड किंवा लॉ स्कूलचं क्लिनिक शोधा. साधी चॅप्टर ७ केस असेल तर अपसॉल्व्ह नावाची ना-नफा संस्था कागद फुकट बनवून देते.

आधी कायदा, थोडक्यात

१९७६ च्या आधी स्टुडंट लोन हे बाकीच्या कर्जांसारखंच बँकरप्सीत जायचं. मग अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नियम केला की फेड सुरू झाल्यापासून पहिली पाच वर्षं नाही जाणार, १९९० मध्ये पाचाची सात झाली, १९९८ मध्ये वर्षांची अटच काढून टाकली म्हणजे कितीही जुनं असो जाणार नाही, आणि २००५ मध्ये खासगी बँकांची शिक्षणकर्जंही याच पिंजऱ्यात आली. पण या सगळ्यात एक दार कायम उघडं राहिलं. बँकरप्सी कोडच्या ५२३(ए)(८) कलमात लिहिलंय की हे लोन फेडायला लावणं म्हणजे 'अनड्यू हार्डशिप', म्हणजे अवाजवी हाल, होणार असतील तर ते माफ होऊ शकतं.

आता अवाजवी म्हणजे किती ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते ठरलं १९८७ च्या ब्रनर केसमध्ये. मेरी ब्रनर या सोशल वर्कमध्ये मास्टर्स केलेल्या बाई, कर्ज साधारण ९,००० डॉलर, वकील न घेता स्वतःच कोर्टात उभ्या राहिल्या आणि हरल्या, आणि त्यांच्या त्या हरलेल्या केसमधल्या तीन अटी आज देशातल्या बहुतेक कोर्टांत लावतात. पहिली, लोनचा हप्ता भरला तर किमान बरं राहणीमानसुद्धा ठेवता येत नाही. दुसरी, ही परिस्थिती फेडीच्या काळातली बरीचशी वर्षं अशीच राहणार असं दिसतंय. तिसरी, तुम्ही आजवर फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केलाय. आठव्या सर्किटमध्ये, म्हणजे मिनेसोटा, मिसूरी, आयोवा वगैरे भागातल्या फेडरल कोर्टांत, तीन अटींऐवजी एकूण परिस्थिती बघतात, पण प्रश्न फिरून तेच येतात.

कित्येक वर्षं या अटी इतक्या कडक लावल्या गेल्या की वकीलच नको म्हणायचे. सरकारी वकील शेवटपर्यंत भांडायचा आणि तुमचा खर्च लोनपेक्षा जास्त व्हायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये जस्टिस डिपार्टमेंट आणि एज्युकेशन डिपार्टमेंटने मिळून नवीन पद्धत आणली, त्यात सरकारी वकिलाला ठरलेल्या निकषांवर तपासून, बसत असेल तर माफीला हो म्हणायला सांगितलं. कायदा तोच आहे, ब्रनर तीच आहे, फक्त समोरचा आता प्रत्येक वेळी तलवार उपसून येत नाही. पहिल्या दहा महिन्यांत ६३२ केसेस पडल्या आणि ज्यांचा निकाल लागला त्यातल्या ९९ टक्क्यांत पूर्ण किंवा थोडी तरी माफी मिळाली असं जस्टिस डिपार्टमेंटनेच नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं. आता फेडरल लोन घेतलेले लोक सव्वाचार कोटींच्या वर आहेत आणि त्यात ६३२ जण मागायला गेले, बघा म्हणजे.

तुमचं लोन नक्की कुठल्या जातीचं आहे ते काढा

हे काम आज संध्याकाळी करता येईल. स्टुडंटएड डॉट गव्ह वर लॉगिन करा, 'माय एड' मध्ये जा आणि तुमच्या लोनच्या माहितीची टेक्स्ट फाईल डाऊनलोड करा. फाईल दिसायला भयंकर आहे, पण त्यात प्रत्येक लोनचा प्रकार, तारीख, आणि ते आत्ता कोणाकडे आहे हे सगळं असतं. 'डायरेक्ट' लिहिलं असेल तर ते एज्युकेशन डिपार्टमेंटचं, आणि नवी पद्धत त्यालाच लागू होते. २०१० च्या आधीची बरीच लोन 'एफएफईएल' असतात, ती बँकेची पण सरकारी हमीची, आणि पर्किन्स लोन कॉलेजकडे असू शकतं. ही दोन डिपार्टमेंटकडे आलेली नसतील तर नवी सवलतीची पद्धत तशीच लागत नाही, पण कन्सॉलिडेट करून, म्हणजे जुन्याच्या जागी एक नवं लोन घेऊन, डायरेक्टमध्ये आणता येतात. माझं मूळ एफएफईएलच होतं, २०१४ मध्ये काही न कळता हप्ता कमी होतोय म्हणून कन्सॉलिडेट केलं होतं, ते नऊ वर्षांनी असं उपयोगी पडलं.

या साइटवर जे लोन दिसतच नाही ते बहुतेक खासगी. एफ-१ व्हिसावर आलेल्यांना फेडरल लोन मिळतच नाही त्यामुळे त्यांचं इथलं सगळं खासगीच असतं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांत फार दिसते, ती म्हणजे मुलांसाठी आईवडिलांनी घेतलेलं पॅरेंट प्लस लोन. ते कर्ज आईवडिलांचंच, मुलाचं नाही, मुलगा मोठ्या पगारावर असला तरी. त्यामुळे हालही आईवडिलांचेच मोजले जातात. पासष्टी ओलांडलेल्या बाबांसाठी तर खालची पद्धत जास्तच सोपी आहे.

कोर्टाच्या पायरीआधी

बँकरप्सी हा शेवटचा उपाय आहे असं सगळे म्हणतात, ते इथे खरं आहे कारण काही लोकांना कोर्टात जायची गरजच नसते. कायमचं अपंगत्व असेल तर 'टोटल अँड पर्मनंट डिसॅबिलिटी' डिस्चार्ज, म्हणजे माफी, आहे, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर किंवा सोशल सिक्युरिटीच्या कागदावर मिळतो. कॉलेजच बंद पडलं असेल तर त्याचा वेगळा डिस्चार्ज आहे. सरकारी किंवा ना-नफा नोकरी असेल तर १२० हप्त्यांनंतर पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिसवाल्यांची लोनमाफी. उत्पन्नावर आधारित हप्त्याच्या योजनाही आहेत, फक्त त्यांचे नियम हल्ली सारखे बदलतात, त्यामुळे मैत्रिणीला काय मिळालं ते न बघता साइटवर आज काय चालू आहे ते बघा.

आणि कृपा करून त्या फोनवाल्यांच्या नादी लागू नका, "आम्ही तुमचं लोन माफ करून देतो, आधी ७०० डॉलर भरा" वाल्यांच्या. कर्जमाफीच्या कामाचे पैसे काम व्हायच्या आधी फोनवर मागणं हे फेडरल नियमाने बंद आहे, त्यामुळे ॲडव्हान्स मागितला की तिथेच फोन ठेवा.

बँकरप्सी फाईल करणं

नागरिक असायची अट नाही, इथे राहता किंवा इथे मालमत्ता आहे तर फाईल करता येतं. सामान्य माणसासाठी दोन प्रकार असतात. चॅप्टर ७ साधारण चार महिन्यांत संपतं, उत्पन्न मर्यादेत असेल तर, त्यासाठी मीन्स टेस्ट असते. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं प्लॅनप्रमाणे केस सांभाळणाऱ्या ट्रस्टीकडे पैसे भरायचे, घराचे थकलेले हप्ते वगैरे असले तर लोक हे घेतात. कोर्टाची फी ७ ला ३३८ डॉलर आणि १३ ला ३१३. चॅप्टर ७ ची फी हप्त्याने भरता येते आणि उत्पन्न खूपच कमी असेल तर माफही होते. फाईल करायच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त एजन्सीचा क्रेडिट काउन्सेलिंग कोर्स करावा लागतो, ऑनलाईन होतो, आणि नंतर अजून एक कोर्स. पहिला विसरला म्हणून केस फेटाळली जाते, हसू नका, होतं असं.

फाईल केल्या क्षणापासून ऑटोमॅटिक स्टे लागतो, म्हणजे वसुलीवाल्यांचे फोन, पगारातून कापणं, सगळं थांबतं. डिफॉल्ट झालेल्या फेडरल लोनसाठी सरकार कोर्टात न जाताच पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत कापू शकतं, ते या काळात बंद. पण व्याजाचं मीटर पळत राहतं हे लक्षात ठेवा, स्टे म्हणजे माफी नव्हे.

मुख्य फॉर्ममध्ये शेड्यूल ई/एफ असतं, त्यात स्टुडंट लोन लिहायचं आणि तिथला स्टुडंट लोनचा चौकोन टिक करायचा. शेड्यूल 'आय' म्हणजे उत्पन्न, शेड्यूल 'जे' म्हणजे खर्च. हे दोन जिवापाड काळजीने भरा कारण पुढे सरकारी वकील हेच घेऊन बसणार आहे.

ज्यांची बँकरप्सी आधीच होऊन गेलीय, माझ्यासारखी, त्यांनी निराश होऊ नये. स्टुडंट लोनची ही मागणी करायला मुदत नाहीये, जुनी केस पुन्हा उघडायचा अर्ज करता येतो आणि मग मागणी टाकता येते. उघडायची की नाही ते जजच्या हातात असतं. मला नवीन चॅप्टर ७ करता येत नव्हतं कारण पुन्हा डिस्चार्ज मिळायला चॅप्टर ७ च्या दोन फाईलिंगमध्ये आठ वर्षं जावी लागतात, म्हणून जुनीच उघडली.

खरी केस: ॲडव्हर्सरी प्रोसीडिंग

ही ती वेगळी केस. बँकरप्सीच्या पोटातला दिवाणी दावा म्हणा हवं तर. तुम्ही वादी, आणि प्रतिवादी म्हणून लोन ज्याच्या मालकीचं त्याचं नाव, डायरेक्ट लोन असेल तर युनायटेड स्टेट्स डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन. दर महिन्याला बिल पाठवणाऱ्या सर्व्हिसर कंपनीचं नाव टाकून उपयोग नाही, तो नुसता मुनीम आहे. एरवी या केसची फी ३५० डॉलर असते, पण कर्जदार स्वतः वादी असेल तर शून्य. शून्य! मला हे क्लार्कने खिडकीवर सांगितलं तेव्हा मी चेकबुक काढून उभी होते.

तक्रारअर्ज तीनचार पानांचा पुरतो. मी कोण, लोन किती, कधी घेतलं, का फेडता येत नाही, आणि ५२३(ए)(८) खाली माफी मिळावी. लांबण लावू नका, तपशील पुढच्या फॉर्ममध्ये येतात.

मग कोर्ट समन्स देतं, आणि इथे घड्याळ बघायचं. समन्स निघाल्यापासून सात दिवसांत ते पोस्टात पडलं पाहिजे. साध्या फर्स्ट क्लास पोस्टाने चालतं, पण तीन ठिकाणी पाठवावं लागतं, तुमच्या डिस्ट्रिक्टच्या यूएस ॲटर्नीचं ऑफिस, वॉशिंग्टनमधले ॲटर्नी जनरल, आणि एज्युकेशन डिपार्टमेंट. मी पहिल्या वेळी दोनच पाकिटं पाठवली, ॲटर्नी जनरलचं राहिलं, वाटलं एवढ्या मोठ्या माणसाला कशाला. सात दिवस उलटले, समन्स शिळं झालं, पुन्हा नवीन काढायला जावं लागलं. तीन पाकिटं, तीन शिक्के, आणि पाठवल्याचं प्रमाणपत्र कोर्टात जमा. सरकारला उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात.

अटेस्टेशन फॉर्म, सगळा खेळ इथे आहे

२०२२ च्या नव्या पद्धतीत आपली परिस्थिती सरकारी वकिलाला सांगायची ती या फॉर्मवर. हा फॉर्म जस्टिस डिपार्टमेंटच्या साइटवर मिळतो, दरवेळी तिथूनच ताजा घ्या, जुनी पीडीएफ कोणाकडून मागून भरू नका. पंधराएक पानं आहेत आणि शेवटी सही ही शपथेवर असते, खोटं लिहिलं तर गुन्हा. यात ब्रनरच्याच तीन अटी आहेत, फक्त प्रश्नांच्या रूपात.

पहिला भाग आत्ताची परिस्थिती. उत्पन्न लिहायचं, खर्च लिहायचा. खर्च किती योग्य ते आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, ठरलेल्या तक्त्यांवर बघतात, खाणं-कपडे-घरसामान-स्वतःच्या वस्तू याचा राष्ट्रीय तक्ता माणसांच्या संख्येप्रमाणे, घराचा तक्ता तुमच्या काऊंटीप्रमाणे, आणि गाडी चालवायच्या खर्चाचा तुमच्या भागाप्रमाणे. त्या आकड्याच्या आत असाल तर कोणी फारसं खोदत नाही, वर गेलात तर कारण लिहायचं.

माझे आकडे गोल करून सांगते, घरात मी आणि मुलगा. महिन्याचा ग्रॉस पगार ३,४००. टॅक्स आणि कपात ५६०, भाडं आणि लाईट-गॅस १,४८०, खाणं-कपडे-घरसामान ८००, गाडीचा विमा-पेट्रोल-दुरुस्ती ३८०, औषधपाणी १५०. बेरीज ३,३७०. उरले तीस डॉलर, आणि ६२,००० चा दहा वर्षांचा साधा हप्ता सातशेच्या वर जातो. झाला पहिला मुद्दा. उरलेले पैसे त्या साध्या हप्त्याला पुरत नाहीत हे दिसलं की पहिली अट बसते, आणि शिल्लक थोडीफार असेल तर काही भाग माफ असाही तोडगा निघतो.

आता इथे आपली लोकं एक चूक करतात, मीही केली. काटकसर हा आपल्याला गुण वाटतो, त्यामुळे फॉर्मवर खर्च कमीत कमी लिहितो, जणू परीक्षक शाबासकी देणार आहे. माझी उजवीकडची दाढ दोन वर्षं दुखत होती, रूट कॅनालचे पैसे नव्हते म्हणून मी डावीकडूनच चावत होते, आणि फॉर्मवर दाताच्या खर्चात मी शून्य लिहिलं, कारण खर्च झालाच नव्हता ना! लीगल एडच्या बाईंनी ते शून्य बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, दात कसे आहेत. मग सांगितलं. नियमच असा आहे की पैसे नाहीत म्हणून तुम्ही जी मूलभूत गरज मारताय ती सुद्धा लिहायची, दाताचं काम, मुलाचा चष्मा, गळकं छप्पर असलेलं घर सोडून धड घरात जायचं भाडं. डेंटिस्टकडून अंदाजपत्रक आणलं आणि जोडलं. तीस डॉलरची शिल्लक तिथेच उणे झाली.

दुसरा भाग पुढचं काय. एरवी ज्योतिष सांगावं लागलं असतं, पण नव्या पद्धतीत पाच गोष्टी अशा ठरवल्यात की त्यातली एक जरी लागू असली तरी पुढेही परिस्थिती अशीच राहील असं धरून चालतात. वय ६५ किंवा जास्त. कमाईवर परिणाम करणारं अपंगत्व किंवा जुनाट आजार. गेल्या दहा वर्षांतली किमान पाच वर्षं बेकारी. ज्या डिग्रीसाठी लोन घेतलं ती पूर्ण झालीच नाही. आणि लोन फेडीच्या स्थितीत येऊन दहा वर्षं झाली, शिकत असतानाचा काळ सोडून. मी मास्टर्स तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं होतं, ती लाज मी तेरा वर्षं कोणाला सांगितली नव्हती आणि इथे नेमकी तीच कामाला आली. ट्रान्सक्रिप्ट मागवून जोडा, नुसतं लिहून थांबू नका. यातलं काहीच लागू नसलं म्हणजे दार बंद असंही नाही, मग आपल्या शब्दांत समजवावं लागतं की उत्पन्न का वाढणार नाही, आजारी नातेवाईक, वय, लहान गाव, गेलेलं लायसन्स, जे असेल ते.

तिसरा भाग प्रामाणिक प्रयत्न. लोकांना वाटतं खूप हप्ते भरलेले असले पाहिजेत. तसं नाहीये, एक हप्ता भरला, डेफरमेंट किंवा फोरबेअरन्स, म्हणजे हप्ते काही काळ थांबवणं, मागितलं, उत्पन्नावर आधारित योजनेचा अर्ज केला, सर्व्हिसरला फोन करून पर्याय विचारले, नोकरी शोधली, पगारवाढीसाठी धडपडलात, हे सगळं धरतात. उत्पन्नावर आधारित योजना घेतली नाही म्हणून एकदम अप्रामाणिक असंही ठरवत नाहीत, कारण डिपार्टमेंटलाच माहितीये की लोकांना सर्व्हिसरने कसं गोल फिरवलंय. मी जुनी ईमेल उपसली, "फोरबेअरन्स मंजूर" अशी अकरा ईमेल निघाली. प्रिंट काढून तारखेने लावली. हे काम रटाळ आहे पण यात एक रविवार घालवाच.

फॉर्मसोबत टॅक्स रिटर्न आणि पगाराच्या स्लिपा लागतात. घर किंवा रिटायरमेंट खातं असेल तर ते लपवायचं नाही, ते आहे म्हणून आपोआप नकार येतो असं नाही, पण लपवलेलं सापडलं तर सगळंच गेलं.

फॉर्म सरकारी वकिलाला पाठवल्यावर ते डिपार्टमेंटशी बोलतात, अजून कागद मागतात, मग पटलं तर दोघांच्या सहीचा कागद बनतो, त्यात मान्य केलेल्या गोष्टी असतात आणि तो जजसमोर जातो. शेवटचा शब्द जजचाच. माझ्या केसला सात महिने लागले, त्यातले चार मी एकही शब्द न ऐकता काढले. सरकारी वकील बाई फोनवर एकदाच बोलल्या आणि चक्क नीट बोलल्या. न पटल्यास केस पुढे साध्या खटल्यासारखी चालते, साक्ष वगैरे, तेव्हा मात्र वकील हवाच.

खासगी लोनवाले, इकडे या

तुम्हाला अटेस्टेशनची सवलत नाही, समोर कंपनीचा वकील असतो आणि तो मागे हटायला बांधील नाही. पण तुमच्याकडे एक वेगळा पत्ता आहे जो बहुतेकांना माहीतच नसतो. खासगी लोन हार्डशिपच्या पिंजऱ्यात येतं ते फक्त 'क्वालिफाइड एज्युकेशन लोन' असेल तरच. म्हणजे कॉलेज फेडरल मदतीला पात्र असलेलं हवं, विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकणारा हवा, आणि पैसे कॉलेजने ठरवलेल्या शिक्षणखर्चाच्या आतले हवेत. मान्यता नसलेला कोडिंग बूटकॅम्प, बार एक्झामच्या, म्हणजे वकिलीच्या परीक्षेच्या, तयारीसाठी घेतलेलं कर्ज, शिक्षणखर्चाच्या वर थेट तुमच्या खात्यात टाकलेली जादा रक्कम, ही कर्जं बऱ्याचदा साध्या क्रेडिट कार्डासारखी जातात, हार्डशिप सिद्ध न करता. पाचव्या सर्किटने २०१९ मध्ये, दहाव्याने २०२० मध्ये आणि दुसऱ्याने २०२१ मध्ये असंच म्हटलंय की थेट विद्यार्थ्याच्या हातात दिलेलं प्रत्येक खासगी कर्ज या संरक्षणात बसत नाही. तरी कंपन्या डिस्चार्जनंतरही बिलं पाठवत राहिल्या, आणि २०२३ मध्ये सीएफपीबीला, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीच्या सरकारी संस्थेला, सांगावं लागलं की हे बेकायदेशीर आहे. त्यामुळे लोनचे मूळ कागद काढा, त्या वर्षीचा कॉलेजचा 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' आकडा काढा, एकूण घेतलेली रक्कम शेजारी ठेवा आणि वजाबाकी करा.

खासगी लोनला राज्याप्रमाणे वसुलीच्या दाव्याची मुदत असते, फेडरलला नसते. मुदत संपत आलेली असताना वसुलीवाला गोड बोलून वीस डॉलर भरायला सांगतो, ते भरू नका, बऱ्याच राज्यांत त्याने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

को-सायनर हा सगळ्यात नाजूक भाग. तुमचं कर्ज चॅप्टर ७ मध्ये गेलं तरी काकांनी सही केलीय तर काका अडकलेलेच राहतात, दुसऱ्या दिवशी फोन त्यांना जाणार. चॅप्टर १३ मध्ये प्लॅन चालू असेपर्यंत सहसा त्यांनाही स्टेचं छत्र मिळतं. काहीही फाईल करायच्या आधी काकांना फोन करा, पत्रातून कळू देऊ नका. आणि भारतातल्या बँकेचं कर्ज असेल, बाबांचं घर तारण ठेवून, तर इथल्या कोर्टाच्या कागदाने ते तारण सुटत नाही, तो हिशोब तिकडेच बँकेत बसून करावा लागतो.

भीती वाटणाऱ्या बाकीच्या गोष्टी

क्रेडिट रिपोर्टवर चॅप्टर ७ दहा वर्षांपर्यंत दिसतं. बँकरप्सीत माफ झालेल्या रकमेवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, १०९९-सी, म्हणजे माफ झालेल्या कर्जाचा टॅक्सचा कागद, आला तर घाबरू नका, फॉर्म ९८२ भरायचा. नुसत्या बँकरप्सीमुळे ग्रीन कार्ड जात नाही, तो गुन्हा नाहीये. नोकरीवरून फक्त या कारणाने काढणं कायद्याने मना आहे, आणि पुढे पुन्हा शिकायचं ठरलं तर बँकरप्सी केली म्हणून सरकारी शिक्षणकर्ज नाकारता येत नाही. लोक काय म्हणतील याला मात्र कलम नाहीये, रेकॉर्ड पब्लिक असतं पण तुमच्या मंडळातलं कोणी कोर्टाच्या साइटवर लॉगिन करून पानाला पैसे भरून वाचत बसत नाही, खरंच नाही.

ऑर्डर आल्यावर

ऑर्डरची सर्टिफाइड प्रत मागून घ्या, एकाच्या दोन घ्या. स्टुडंटएडच्या साइटवर शिल्लक शून्य व्हायला वेळ लागतो, दर आठवड्याला स्क्रीनशॉट काढून ठेवा. तीन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट दोनतीन महिन्यांनी काढा आणि लोन अजून थकीत दिसत असेल तर ऑर्डर जोडून डिस्प्यूट टाका. माझ्या बाबतीत ऑर्डर होऊन सोळा दिवस झाल्यावर सर्व्हिसरचं ईमेल आलं, तुमचा हप्ता एकवीस दिवसांत देय आहे, वर नेहमीसारखं हसऱ्या बाईचं चित्र. मी ऑर्डरची पीडीएफ जोडून एका ओळीचं उत्तर पाठवलं. मग डेंटिस्टला फोन करून उजवीकडच्या दाढेची अपॉइंटमेंट घेतली.